शिंगाच्या दौतीतील विशेषणे

इंग्रजी भाषेतील रोजच्या वापराची बरीचशी नामे एका घराण्याची आणि त्यांच्या जोडीने वापरली जाणारी विशेषणे दुसऱ्याच घराण्याची आहेत, ही गोष्ट ती भाषा परकी म्हणून शिकणाऱ्याच्या ध्यानात लवकर येते. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांना मात्र तिच्यात काही वावगे आहे असे सहसा जाणवत नाही. चंद्राला ‘मून’ म्हणतात, पण चांद्र या अर्थी ‘लूनर’. दाताला ‘टूथ’, पण दंतविषयक ते ‘डेंटल’. मांजराला ‘कॅट’, पण मार्जारवर्गीय ते ‘फीलाइन’. याच वाटेने आणखी आत गेले की कोल्ह्यासारखा तो ‘व्हल्पाइन’, मोरासारखा तो ‘पॅव्होनाइन’, आणि बोकडासारखा, त्यातही बोकडासारखा उग्र वास मारणारा, तो ‘हर्साइन’ अशी विशेषणे भेटतात, जी सुशिक्षित इंग्रजालाही कोश उघडल्याशिवाय उलगडत नाहीत. या जोड्यांतील नाम बहुधा अँग्लो-सॅक्सन, म्हणजे पाचव्या शतकापासून इंग्लंडात येऊन वसलेल्या जर्मानिक टोळ्यांच्या बोलीतले असते आणि विशेषण लॅटिन ग्रंथांतून उचललेले असते. अशा विशेषणाला इंग्रजी व्याकरणात ‘कोलॅटरल’, म्हणजे बाजूच्या शाखेतून आलेले, असे नाव आहे.

मराठी वाचकाला ही व्यवस्था अगदीच अनोळखी वाटू नये. आपणही दात म्हणतो आणि वर्णाला दंत्य म्हणतो. ओठ म्हणतो आणि ओष्ठ्य लिहितो. गाय गोठ्यात असते, पण तिच्या पाच पदार्थांचे पंचगव्य होते. नाम प्राकृतातून झिजत झिजत आलेले आणि विशेषण संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले, असा हा प्रकार आहे. तरी दोन फरक महत्त्वाचे आहेत. संस्कृत ही मराठीची आजी आहे. लॅटिन ही इंग्रजीची आजी नव्हे, फार तर दूरची मावशी. दुसरा फरक असा की मराठीजवळ ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय आहे आणि तो कशालाही लागतो. कालचा भात, मघाचा माणूस, शेजारची मुलगी, परवाचे भांडण यांसाठी संस्कृतकडे जावे लागत नाही. इंग्रजी अशा ठिकाणी षष्ठीवर किंवा नुसत्या नामावर वेळ मारून नेते, पण ‘कालचा’ या अर्थी खरेखुरे विशेषण हवे असेल तर तिला लॅटिनमधून ‘हेस्टर्नल’ आणावे लागते आणि ‘आजचा’ यासाठी ‘होडिअर्नल’. हे दोन्ही शब्द कोशात आहेत, बोलण्यात नाहीत.

प्राचीन इंग्रजी विशेषणांच्या बाबतीत इतकी परावलंबी नव्हती. सोने, लाकूड, लोकर यांवरून ‘गोल्डन’, ‘वुडन’, ‘वुलन’ ही जशी आजही आहेत, तशीच दगड, काच, शिंग यांवरूनही तिच्यात ‘-एन’ प्रत्ययाने दगडी, काचेरी, शिंगी या अर्थाची विशेषणे होत असत. ती पुढे लोपली आणि दगडी भिंतीला ‘स्टोन वॉल’ असे नामाशेजारी नाम ठेवून म्हणण्याची रीत पडली. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि न्यायालय फ्रेंचकडे, चर्च आणि विद्या लॅटिनकडे गेली, आणि इंग्रजीकडे शेत, गोठा, चूल एवढे उरले. पुढे ती पुन्हा लिहिण्याची भाषा झाली तेव्हा नामे बरीच शाबूत होती. सूक्ष्म भेद दाखवणाऱ्या, अमूर्त विचाराला लागणाऱ्या विशेषणांचा तुटवडा होता. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, सोळाव्या शतकात ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरे धडाक्याने होऊ लागली, आणि भाषांतरकाराला मूळ शब्दाला प्रतिशब्द सापडेना तेव्हा त्याने मूळ शब्दच इंग्रजी शेपूट लावून पानावर ठेवला. टॉमस एलियट याने १५३१ च्या ‘द गव्हर्नर’ या ग्रंथात नवा लॅटिन शब्द आणि त्याला लागून एखादा जुना ओळखीचा शब्द अशी जोडी घालण्याची युक्ती वापरली, जेणेकरून वाचक अडखळू नये आणि शब्दही रुजावा.

सगळेच लेखक इतके विचारी नव्हते. लॅटिन शब्दांची खोगीरभरती करणाऱ्या लेखनाला त्या काळात ‘इंकहॉर्न टर्म्स’ असे नाव पडले. इंकहॉर्न म्हणजे शाई ठेवण्याची शिंगाची दौत. जो शब्द जिभेवर जन्मला नाही, दौतीतून निघाला, तो शिंगाच्या दौतीतला शब्द. टॉमस विल्सन याने १५५३ च्या आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात अशा भाषेची खिल्ली उडवण्यासाठी एक कृत्रिम पत्र घातले आहे, ज्यात लिंकनशायरचा एक उमेदवार धर्मोपदेशकाच्या रिकाम्या जागेसाठी विनवणी करताना लॅटिन शब्दांचा पाऊस पाडतो. त्या पत्रातील ‘इन्जेंट’ (प्रचंड) आणि ‘स्प्लेंडिडिअस’ (दिमाखदार) ही विशेषणे आज कुणाला कळणार नाहीत. परंतु त्यांच्याच पंक्तीला, तितक्याच हास्यास्पद म्हणून, ‘इन्जीनिअस’ आणि ‘मंडेन’ ही बसलेली आहेत आणि ती आज शाळकरी मुलालाही येतात. विल्सनच्या कानाला चारही सारखीच टोचत होती.

विरोधाचे दुसरे टोक सर जॉन चीक याने गाठले. तो केंब्रिजमध्ये ग्रीक भाषेचा प्राध्यापक होता, आणि परक्या शब्दांची उसनवारी करत राहिल्यास इंग्रजी दिवाळखोर होईल असे त्याचे म्हणणे होते. मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना त्याने ‘लूनॅटिक’, म्हणजे चंद्राच्या कलांनी वेड लागलेला, या विशेषणाऐवजी घरच्या चंद्रावरून ‘मून्ड’ असे विशेषण बनवले. पुनरुत्थानासाठी ‘गेनरायझिंग’ आणि शंभर सैनिकांच्या नायकासाठी ‘हंड्रेडर’ असे शब्द घडवले. राल्फ लीव्हर याने १५७३ मध्ये तर्कशास्त्राला ‘विटक्राफ्ट’, म्हणजे बुद्धीची कारागिरी, असे नाव देऊन निष्कर्षाला ‘एंडसे’ म्हटले. या शब्दांपैकी एकही टिकला नाही, आणि गंमत अशी की भाषा शुद्ध असावी हे सांगताना चीकने स्वतः वापरलेला ‘प्युअर’ हा शब्ददेखील लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला होता. मराठीच्या इतिहासात राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने याला काहीसे समांतर उदाहरण सापडते. पण तेथे दरबारी फारसी शब्दांना हटवण्यासाठी रघुनाथ पंडित पांडित्याच्या भाषेकडे, संस्कृतकडे वळले, तर चीक पांडित्याकडून गोठ्याकडे वळला. त्याच्या प्रयत्नाचे अपयश काही अंशी या दिशेतच होते असे मानण्यास जागा आहे, कारण ज्यांना नवे शब्द हवे होते ते वाचक त्या काळी प्रतिष्ठेसाठी लॅटिनकडे डोळे लावून बसले होते.

या भांडणाचे सर्वांत बोलके दृश्य रंगभूमीवर घडले. बेन जॉन्सन याच्या १६०१ मधील ‘पोएटॅस्टर’ या नाटकात, ऑगस्टस सम्राटाच्या रोममध्ये, क्रिस्पिनस नावाच्या फुशारक्या मारणाऱ्या कवीवर खटला चालतो आणि शिक्षा म्हणून रोमन कवी होरेस त्याला ओकारीची गोळी देतो. क्रिस्पिनस हा प्रत्यक्षात जॉन मार्स्टन या प्रतिस्पर्धी नाटककाराचे व्यंग्यचित्र होता आणि होरेसच्या मुखवट्याआड जॉन्सन स्वतः उभा होता, हे त्या वेळच्या प्रेक्षकांना सांगावे लागत नव्हते. गोळी लागू पडते, तस्त आणवले जाते, आणि कवी त्यात अन्नाऐवजी शब्द ओकू लागतो. एकेक शब्द बाहेर पडला की आजूबाजूचे लोक त्याचा पुकारा करतात, काही शब्द घशाशी अडतात आणि जोर लावल्यावर निघतात. त्या तस्तात जे पडले त्यात विशेषणांचाच भरणा आहे. ‘ल्युब्रिकल’, म्हणजे निसरडा, ‘ग्लिबरी’, तोही निसरडाच, ‘टर्जिडस’, फुगलेला, ‘फ्युरिबंड’, पिसाळलेला, ‘ऑब्लेट्रंट’, म्हणजे अंगावर भुंकणारा, कारण लॅटिनमध्ये ‘ओब्लात्रारे’ म्हणजे एखाद्यावर भुंकणे. हे सगळे मेले. पण त्याच तस्तात ‘रेसिप्रोकल’ आहे, ‘रेट्रोग्रेड’ आहे, ‘स्प्युरिअस’ आहे, ‘डिफंक्ट’ आहे, ‘स्ट्रेन्युअस’ आहे आणि ‘कॉन्शस’ही आहे, ज्याच्यावाचून आज मानसशास्त्राचे एक पानही लिहिता येणार नाही. आश्चर्य म्हणजे ‘क्लम्झी’ही तेथेच पडलेला दिसतो, आणि तो लॅटिन नव्हेच, थंडीने बोटे बधिर होणे या अर्थाच्या, बहुधा स्कँडिनेव्हियातून आलेल्या क्रियापदापासून तो निघाला आहे. म्हणजे जॉन्सनला खटकत होते ते शब्दाचे कूळ नव्हे, त्याचे नवखेपण होते. त्या काळातील सर्वांत चोखंदळ कानालाही कोणता शब्द तगेल हे सांगता आले नाही, आणि हा अनुभव इतक्या वेळा येतो की या बाबतीत समकालीन रसिकांचा निकाल जवळजवळ निरुपयोगी समजावा.

भांडण सुरू असतानाच ज्यांना लॅटिन येत नव्हते त्यांची पंचाईत होत होती, आणि इंग्रजीतील पहिला एकभाषिक कोश, म्हणजे इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच सांगणारा कोश, या पंचाइतीतून निघाला. रॉबर्ट कॉड्री हा रटलंडमधील शाळामास्तर आणि धर्मोपदेशक. प्युरिटन मतांमुळे त्याची चर्चमधील जागा गेली होती. १६०४ मध्ये त्याने ‘अ टेबल अल्फाबेटिकल’ हे छोटे पुस्तक छापले, ज्यात सुमारे २,५०० कठीण शब्द होते आणि प्रत्येकासमोर बहुधा दोन-चार शब्दांचा अर्थ होता. ते पुस्तक प्रामुख्याने स्त्रियांसाठी आणि इतर अशिक्षितांसाठी असल्याचे त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितलेले आहे; लॅटिन शिकवणाऱ्या शाळांची दारे मुलींना बंद होती, हे त्यामागचे साधे कारण. कोश कसा पाहावा हेही कॉड्रीला शिकवावे लागले: शब्दाचे पहिले अक्षर आरंभीचे असेल तर पुस्तकाच्या आरंभी शोधा, शेवटचे असेल तर शेवटी, अशा थाटात तो वर्णानुक्रम समजावून देतो. या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज उरली असून ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. गाय, दात, चंद्र यांना त्यात स्थान नव्हते, कारण त्यांचा अर्थ कुणी विचारत नव्हता; नित्याचे शब्दही कोशात घालावेत ही कल्पना इंग्रजीत १७०२ च्या सुमारास रुजू लागली. तोवरच्या शंभर वर्षांत इंग्रजी कोश म्हणजे दौतीतल्या शब्दांची यादी, असेच समीकरण होते.

हेन्री कॉकरम याच्या १६२३ च्या कोशाने याहून धीट पाऊल टाकले. त्याच्या पहिल्या भागात अवघड शब्दांचे सोपे अर्थ होते, पण दुसऱ्या भागात उलटा व्यवहार होता: साधा शब्द शोधायचा आणि त्याच्या जागी भारदस्त शब्द उचलायचा. एरवी घोड्यावर बसून निघून जाणारा माणूस कॉकरमच्या पानांत ‘ॲबेक्विटेट’ करतो. पत्रातून छाप पाडू पाहणाऱ्या होतकरूंची सोय यात होती, आणि आजही परदेशी विद्यापीठातील प्रवेशासाठी जी. आर. ई. परीक्षेला बसणारे पुण्या-मुंबईचे विद्यार्थी ज्या शब्दयाद्या पाठ करतात त्यांचा मूळपुरुष हाच म्हणावा लागेल. टॉमस ब्लाउंट याने १६५६ च्या ‘ग्लॉसोग्राफिया’त शब्दांच्या व्युत्पत्ती देण्यास सुरुवात केली, आणि त्याच्या कोशावर कवी मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने दोन वर्षांत इतका मोकळा हात मारला की ब्लाउंटला पुढे फिलिप्सच्या चुकांचे स्वतंत्र पुस्तक काढावे लागले.

शब्द घडवणाऱ्यांमध्ये नॉर्विचचा वैद्य सर टॉमस ब्राउन याची गोष्ट वेगळी आहे. लोकांच्या खुळ्या समजुती तपासणाऱ्या त्याच्या १६४६ च्या ग्रंथात ‘इलेक्ट्रिसिटी’ हे नाम आणि ‘अँटिडिलुव्हियन’, म्हणजे जलप्रलयापूर्वीचा, हे विशेषण प्रथम आढळते. आणि त्याच लेखणीने ‘ॲनॅटिफेरस’ हे विशेषणही जन्माला घातले, ज्याचा अर्थ ‘बदके प्रसवणारा’ असा होतो. हे विशेषण कशाला लागावे? उत्तर युरोपातील किनाऱ्यांवर वाहत येणाऱ्या लाकडांना शिंपल्यांसारखे जीव चिकटलेले असत, आणि हिवाळ्यात दूरच्या प्रदेशातून येणाऱ्या एका जातीच्या हंसांची घरटी कुणी पाहिलेली नसल्यामुळे ते पक्षी त्या शिंपल्यांतूनच, किंवा तसल्या झाडांवर, उपजतात अशी समजूत होती. बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डने तर असे नोंदवले आहे की काही धर्मगुरू हे पक्षी मांसात मोडत नाहीत असे समजून उपवासाच्या दिवशी खात. उपवासाला काय चालते याचा काथ्याकूट सर्वच देशांत झालेला आहे. सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या सुप्रसिद्ध कोशात ब्राउनचे हे विशेषण घेतले, अर्थ दिला, आणि ते वापरात नसल्याचा शेराही मारला. झाडांना बदके लागत नाहीत हे ठरल्यावर त्याला काम उरले नव्हते.

हंसाचा विषय निघाला आहे तर त्याच्या विशेषणापाशी जरा थांबले पाहिजे. इंग्रजीत हंसासारखा तो ‘ॲन्सराइन’. लॅटिन ‘आन्सेर’ या नामावरून तो आला, आणि अंगावर काटा येतो तेव्हाच्या त्वचेला वैद्यकातही हंसाचेच लॅटिन नाव देतात. वरवर पाहता ‘गूस’ आणि ‘ॲन्सराइन’ यांचा काडीचा संबंध दिसत नाही. पण २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे हे मांडले, आणि पुढच्या शतकात व्युत्पत्तिशास्त्राने ध्वनिबदलांचे नियम बसवले, तेव्हा दिसून आले की ‘गूस’, ‘आन्सेर’ आणि संस्कृत ‘हंस’ हे तिन्ही एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. लॅटिनने आरंभीचा हकार गाळला, इंग्रजीने मधला अनुनासिक गाळला, संस्कृतने दोन्ही राखले. हाच न्याय ‘टूथ’, ‘डेंटल’ आणि दंत यांना, तसाच ‘काउ’, ‘बोवाइन’ आणि गो यांना लागतो, आणि ‘हेस्टर्नल’ तर ‘येस्टर्डे’चा आणि संस्कृत ‘ह्यः’चा सख्खा नातलग निघाला. म्हणजे इंग्रजीने विद्वत्तेच्या नावाखाली दुरून आणलेली विशेषणे पुष्कळदा तिच्या स्वतःच्या नामांची हरवलेली भावंडेच होती. गुणांच्या बाबतीत मात्र भावंडांचे नशीब वेगळे झाले: भारतीय काव्यात हंसाला नीरक्षीरविवेक लाभला, तर इंग्रजीत ‘ॲन्सराइन’ म्हटलेल्या माणसाने आपल्याला मूर्ख म्हटले आहे असेच समजावे.

नातेसंबंधांतील एक विशेषण मराठी वाचकाला इंग्रज वाचकापेक्षा अधिक नेमके कळेल. वडीलधाऱ्या पण प्रेमळ, पाठीवर हात ठेवणाऱ्या वागण्याला ‘अवंक्युलर’ म्हणतात आणि कोशात त्याचा अर्थ ‘अंकलसारखा’ असा दिलेला असतो. इंग्रजी अंकल काका असतो, मामा असतो, मावशीचा नवराही असतो. लॅटिनमध्ये तसे नव्हते. तेथे ‘अवुन्कुलुस’ म्हणजे मामा, शब्दशः ‘लहान आजोबा’, आणि काकाला ‘पात्रुउस’ हा निराळा शब्द होता. रोमन साहित्यात काका हा कडक शिस्तीचा, सतत कान उपटणारा म्हणून ठरून गेलेला होता, इतका की त्याचे नाव कठोरपणासाठीच वापरले जाई. म्हणून जिव्हाळ्याचे विशेषण मामावरून निघाले हे रास्तच झाले, आणि ‘अवंक्युलर’चे मराठी ‘मामासारखा’ असे करणारा भाषांतरकार मुळाला अधिक धरून राहील. आणखी खोलात गेले तर ‘अंकल’ हा शब्दही याच ‘अवुन्कुलुस’चे फ्रेंच जिभेवर झिजलेले रूप आहे. प्राचीन इंग्रजीत मामाला ‘एआम’ आणि काकाला ‘फॅडेरा’ असे वेगळे शब्द होते. फ्रेंच पाहुणा घरात आला आणि दोघांचीही जागा घेऊन बसला.

‘इग्रीजिअस’ या विशेषणाने याहून मोठी कोलांटउडी मारली. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कळपातून वेगळा काढलेला, म्हणजे असामान्य. सोळाव्या शतकातील इंग्रजीत ती स्तुती होती, पण उपरोधाने वापरता वापरता उपरोधच अर्थ होऊन बसला आणि आज ते केवळ घोडचुकीला लावतात. इटालियन पत्रांत मात्र त्याचाच भाऊ ‘एग्रेजिओ’ आजही मायन्यात, आपल्या ‘श्रीयुत’च्या जागी, आदराने बसलेला असतो.

कोशकार जॉन्सनची स्वतःची शैली अशाच वजनदार विशेषणांवर उभी होती. त्याचा चरित्रकार जेम्स बॉस्वेल याने नोंदवले आहे की एका जुन्या नाटकाविषयी जॉन्सन प्रथम सहज, घरगुती शब्दांत बोलून गेला आणि क्षणभर थांबून तेच वाक्य त्याने लॅटिनप्रचुर शब्दांत पुन्हा घडवले, जणू पहिले विधान अंगात घरचे कपडे असताना दारात आले होते. होरेसने अशा शब्दांना दीड पावलाचे म्हटले होते, आणि त्यावरून इंग्रजीत ‘सेस्क्विपिडेलियन’ हे विशेषण झाले, जे स्वतःच आपल्या अर्थाचे उत्तम उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राला हा जॉन्सन चांगला परिचित होता: त्याच्या ‘रासेलस’चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेऊन विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले, आणि १८७४ मध्ये सुरू झालेल्या निबंधमालेत विष्णुशास्त्र्यांनी त्याच्यावर विस्ताराने लिहिले. मराठी निबंधातील लांब, तोलून धरलेल्या, विशेषणांच्या जोड्यांनी सजलेल्या वाक्याचे एक मूळ तेथे शोधता येते.

१८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच याने इंग्रजी कोशांतील उणिवा दाखवणारे दोन निबंध वाचले आणि कोशकार हा भाषेचा परीक्षक नसून इतिहासकार असतो ही भूमिका मांडली. चांगला शब्द, वाईट शब्द हा निवाडा बाजूला पडला. शब्द कधी आला, कुणी वापरला, कधी गेला, एवढेच पाहायचे ठरले. अशा नव्या कोशासाठी शेकडो स्वयंसेवक वाचकांनी जुने ग्रंथ वाचून एकेक उतारा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पाठवला, आणि संपादक जेम्स मरे याने १८७९ पासून आपल्या बागेतील पत्र्याच्या खोलीत त्या चिठ्ठ्या खणांत लावल्या. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला; मरे १९१५ मध्ये वारला; अखेरचा भाग १९२८ मध्ये बाहेर पडला, तेव्हा या ऑक्सफर्ड कोशात ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे होती. प्रचारातून गेलेल्या शब्दाच्या डाव्या बाजूला त्या कोशात खंजिराच्या आकाराची एक लहान खूण असते. बेन जॉन्सनच्या नाटकातील तस्तही वाचकांनी असेच चिठ्ठ्या-चिठ्ठ्यांनी उपसले, आणि अंगावर भुंकणारा ‘ऑब्लेट्रंट’ व गारठलेल्या बोटांचा ‘क्लम्झी’ हे दोघेही आपापल्या अक्षराखाली जाऊन बसले.